आरतीचे रेकॉर्डिंग फाटू नये म्हणून

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

चवथ (गणेशचतुर्थी) जवळ आली की गावोगाव घुमटांना (मातीच्या भांड्याच्या तोंडावर चामडे चढवलेल्या वाद्याला) नवे चामडे चढते आणि आरत्यांच्या तालमी सुरू होतात. अलीकडे मखरासमोर हातात मावणारा ऑडिओ रेकॉर्डरही दिसू लागला आहे. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे भागातली तरुण मुले घरची, वाड्यावरची आरती मोबाइलऐवजी अशा यंत्रावर घेतात, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. मात्र त्यातली पुष्कळ रेकॉर्डिंग्ज ऐकताना हळहळ वाटते. पहिली दोन कडवी स्वच्छ असतात. चाल चढते, शामेळ (काठीने वाजवायचे तालवाद्य) आणि कासाळे (झांजा) जोरात येतात आणि आवाज फाटतो, तो शेवटपर्यंत फाटलेलाच राहतो. धालोच्या, म्हणजे बायकांच्या रात्रीच्या नाच-गाण्यांच्या, रेकॉर्डिंगमध्ये याच्या उलट घडते. बायकांचे आवाज इतके बारीक येतात की ते मोठे करावेत तर आधी रातकिडे आणि यंत्राची सळसळ मोठी होते. या दोन्ही दोषांच्या मुळाशी बहुतेक वेळा गेनच असतो, म्हणजे माइकचा आवाज यंत्रात किती वाढवायचा ते प्रमाण. यंत्र किती किमतीचे आहे, याचा संबंध त्या मानाने थोडा. म्हणून ध्वनिमुद्रणाचे काम करणारे आम्ही काही जण हे पत्र लिहीत आहोत.

माइकमधून येणारा विद्युत संकेत फार क्षीण असतो, साधारण काही मिलिव्होल्टचा. तो पुरेसा मोठा करणे हे गेनचे काम. मोठा झालेला संकेत मग आकड्यांत बदलून कार्डावर लिहिला जातो. या आकड्यांना वरची हद्द असते आणि मीटरवर तिलाच शून्य डेसिबल म्हणतात. त्याखालचे सगळे आकडे उणे. शून्याच्या वर काहीच लिहिले जात नाही. लहरीचा जो माथा त्यापलीकडे जायला हवा होता तो कापला जातो आणि तिथे सपाट पठार उरते. कानाला हेच फाटणे ऐकू येते. कापलेला माथा नंतर आवाज कमी करून परत येत नाही. दुरुस्तीची सॉफ्टवेअर आहेत, पण ती आजूबाजूच्या लहरीवरून अंदाज बांधून माथा नव्याने काढतात. एखाददुसरा ठोका त्यांना सावरता येतो, पाच मिनिटांची अख्खी आरती नाही.

जुन्या जाणत्या मंडळींची एक सवय इथे आड येते. कॅसेट आणि टेपच्या काळात काटा थोडा लाल पट्ट्यात जाऊ देणे योग्यच होते. टेपची स्वतःची सरसर वर येऊ नये म्हणून आवाज भरून घ्यावा लागे, आणि लालमध्ये गेल्यावरही टेप हळूहळू दबत जाई, एकदम तुटत नसे. डिजिटल यंत्राला ही सवलत नाही. टेपच्या मीटरवरचा शून्य आणि डिजिटल मीटरवरचा शून्य हे वेगवेगळे आहेत. प्रसारणाच्या युरोपीय प्रमाणात नेहमीच्या कामाची पातळी डिजिटल मीटरवर उणे १८ला, तर अमेरिकी प्रमाणात उणे २०ला धरतात. म्हणजे वरची अठरा-वीस डेसिबल जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते, अचानक येणाऱ्या जोरासाठी.

आमची शिफारस अशी: यंत्र २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइलवर लावा. सर्वांत जोराचा ठोका उणे १२ डेसिबलच्या आसपास पडेल असा गेन ठेवा. एखादा ठोका उणे ६पर्यंत गेला तर बिघडत नाही. बऱ्याच रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ला वेगळी खूण छापलेली असते, ती याचसाठी. ‘इतके हळू घेतले तर दर्जा जाईल’ ही भीती १६ बिटच्या काळातली. १६ बिटमध्ये सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आवाजात सैद्धांतिक अंतर सुमारे ९६ डेसिबल मिळते, २४ बिटमध्ये १४४. प्रत्यक्षात हातातल्या यंत्राची सर्किटे १४४च्या जवळपासही पोचत नाहीत. तळाशी जी सळसळ ऐकू येते ती माइकची, सर्किटची आणि मंडपाची असते, बिटांच्या कमतरतेची नसते. त्यामुळे घरी येऊन दहा डेसिबल वाढवले तरी काही गमवावे लागत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. सर्वांत आधी ऑटो लेव्हल बंद करा. कुठल्या यंत्रात ते एजीसी या नावाने असते, कुठे मेन्यूत खोल दडलेले असते, पण शोधून बंद कराच. ते चालू असले की गाणारे थांबताच यंत्र स्वतःहून गेन वाढवते. मग पंखा, पत्र्यावरचा पाऊस, बाहेरचा जनरेटर हे सगळे हळूहळू फुगत वर येते आणि घुमटाची पुढची थाप वाढलेल्या गेनवर आदळून फाटते. त्यानंतर यंत्र घाबरल्यासारखे एकदम खाली जाते आणि गाणाऱ्याचा पहिला शब्द गिळला जातो. आरतीतला चढ-उतार हाच तिचा प्राण असतो आणि ऑटो लेव्हल नेमका तोच सपाट करते.

त्यानंतर माइकची संवेदनक्षमता. ज्या यंत्रात लो आणि हाय असे बटण असते तिथे घुमट, ढोल, ताशासाठी लो, ओव्या आणि धालोसाठी हाय. मग रेकॉर्डचे बटण एकदा दाबून यंत्र तयारीच्या स्थितीत आणा. अनेक यंत्रांत मीटर इथे हलू लागते, पण कार्डावर काही लिहिले जात नाही. काही यंत्रे पहिल्याच दाबाला रेकॉर्डिंग सुरू करतात, तेव्हा आपले यंत्र कोणत्या जातीचे आहे ते आधी पाहून ठेवावे. लाल दिवा लुकलुकत असताना रेकॉर्डिंग चालू आहे असे समजून पूर्ण आरती निघून जाणे, ही तक्रार फार जुनी आहे.

लेव्हल बघण्यासाठी मंडळींना आरतीचे पहिले कडवे म्हणायला सांगू नका. शेवटचे, सर्वांत चढीचे कडवे, सगळ्या वाद्यांसह आणि उभ्याने म्हणायला सांगा. तरीही चाचणीत माणसे हात राखूनच वाजवतात. समोर गर्दी आली, अंगात उत्साह भरला की सहा-आठ डेसिबल सहज वाढतात. म्हणून चाचणीत उणे १८ ते २० दिसेल इतकाच गेन लावा, प्रत्यक्षात ठोका उणे १२वर येतो. आणखी एक गोष्ट घुमटवाल्यांना ठाऊक असते, रेकॉर्डिंगवाल्यांना नसते. पावसाळी हवेत घुमटाचे चामडे सैल पडते, म्हणून वाजवण्यापूर्वी ते शेकतात. शेकलेल्या घुमटाचा आवाज जास्त ताठ आणि जास्त मोठा असतो. लेव्हल शेकण्यापूर्वी घेतली तर ती खोटी ठरते.

मीटरकडे पाहताना पीक होल्ड (सर्वांत जोराच्या ठोक्याची खूण मीटरवर थोडा वेळ धरून ठेवणारी सोय) चालू ठेवा. शामेळवरचा काठीचा ठोका क्षणार्धात येऊन जातो, छोट्या पडद्याला तो धड दाखवता येत नाही, आणि डोळ्याला जे उणे १५ वाटते ते खरे उणे ८ असू शकते. एकदा गेन ठरला की आरतीच्या मध्ये त्याला हात लावू नये. मध्येच बदललेला गेन ऐकणाऱ्याला खटकतो आणि नंतर जुळवताही येत नाही. अगदी फाटायलाच लागले तर दोन आरत्यांच्या मधल्या क्षणी कमी करावा.

हेडफोनचा आवाज आणि रेकॉर्डिंगची लेव्हल ही दोन वेगळी बटणे आहेत, हे लिहिणे काहींना क्षुल्लक वाटेल. पण हेडफोनमध्ये हळू ऐकू येते म्हणून गेन वाढवणारे खूप आहेत. लेव्हल किती हे मीटरला विचारावे. फाटते आहे का, वारा लागतो आहे का, केबल खरखरते आहे का, हे हेडफोनला. कान पूर्ण झाकणारे हेडफोन असावेत, नाहीतर समोरच्या आवाजातून यातले काहीच वेगळे ऐकू येत नाही.

माइक कुठे ठेवावा याने निम्मा प्रश्न सुटतो. उघड्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सहा डेसिबलने कमी होतो, निम्मे केले की तितकाच वाढतो. बंद खोलीत भिंतींच्या परतीमुळे हा फरक कमी पडतो. आवाज लहान येत असेल तर गेन वाढवण्यापूर्वी माइक जवळ न्या, कारण गेन सगळेच वाढवतो, पावसासकट. माइक जवळ नेला तर गाणारा वाढतो आणि पाऊस होता तिथेच राहतो. घरातल्या आरतीसाठी यंत्र स्टँडवर, गाणाऱ्यांच्या तोंडांच्या थोडे वर, पाच ते सहा फुटांवर, वाद्यांपेक्षा गाणाऱ्यांकडे जवळ असावे. घुमटाला दोन तोंडे असतात. एक चामड्याचे, दुसरे उघडे, आणि वादक हाताने ते उघडे तोंड झाकत-सोडत आवाज घुमवतो. त्या तोंडातून हवेचा झोत बाहेर पडतो. माइक नेमका त्याच्या समोर आला तर प्रत्येक घुमेवर धप्प असा धक्का रेकॉर्ड होतो आणि मीटर उगाच वर उडते. माइक थोडा बाजूला घ्यावा. कासाळ्यांपासूनही शक्य तितके दूर राहावे. त्यांचा कडक झणत्कार छोट्या माइकांना फारसा सोसत नाही.

इथे एक बारकावा नीट समजून घेण्यासारखा आहे. शिगम्यात (गोव्यातल्या होळीच्या सणात) रोमटामेळाच्या, म्हणजे नाचत निघणाऱ्या मिरवणुकीच्या, ढोल-ताशांजवळ उभे राहून गेन अगदी १ वर आणला, मीटर उणे १० दाखवते, तरी आवाज फाटलेलाच येतो. असे का? कारण फाटणे गेनच्या बटणाच्या आधीच झालेले असते, माइकच्या आत किंवा त्याच्या लगतच्या सर्किटमध्ये. प्रत्येक माइकला सोसण्याची हद्द असते. झूम कंपनीच्या एच१एन या रेकॉर्डरच्या अंगच्या माइकांची ती १२० डेसिबल आहे (हे हवेतल्या आवाजाचे माप, मीटरवरचे नव्हे), आणि जोरकस ताशाचा ठोका अगदी जवळून तिच्यापलीकडे जाऊ शकतो. घरी फाइल उघडून पाहिली की ओळख पटते: लहरीचे माथे सपाट, पण शून्यापासून बरेच खाली. अशा वेळी गेन कमी करून उपयोग नाही. संवेदनक्षमता लो करा, माइकवर पॅड (संकेत कमी करणारे बटण) असेल तर लावा, आणि सर्वांत सोपे म्हणजे मागे सरका. बटण तळाच्या एक-दोन आकड्यांवर आले की ही शक्यता मनात धरावी. उलट बटण शेवटच्या टोकाला गेले तर सळसळ वाढते, आणि तेव्हा पुढे सरकायचे.

बाहेरून माइक जोडणाऱ्यांसाठी थोडेसे. डायनॅमिक माइकला कंडेन्सरपेक्षा बराच जास्त गेन लागतो. शुअर एसएम५८ हा सर्वत्र दिसणारा माइक ९४ डेसिबलच्या आवाजाला सुमारे १.८५ मिलिव्होल्ट देतो. कंडेन्सर माइक १० मिलिव्होल्ट किंवा अधिक देतात. हा फरक १५ डेसिबलच्या आसपास जातो. स्वस्त रेकॉर्डरवर डायनॅमिक माइकने हळू आवाजाची ओवी घेतली तर सळसळ येणारच. कंडेन्सरला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा (यंत्राकडून केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) चालू करावा लागतो आणि तो बॅटरी भराभर खातो, म्हणून जादा सेल जवळ ठेवावेत.

सर्वांत जास्त रेकॉर्डिंग्ज वाया जातात ती भजन आणि आरतीच्या स्पर्धांत, मिक्सरमधून लाइन, म्हणजे थेट केबलने येणारा तयार संकेत, घेताना. मिक्सरच्या मुख्य आउटपुटची प्रमाण पातळी १.२३ व्होल्ट, टेप किंवा रेकॉर्ड आउटची सुमारे ०.३२ व्होल्ट. माइकच्या काही मिलिव्होल्टशी तुलना केली तर हा संकेत शेकडो पटींनी मोठा होतो. तो माइकच्या इनपुटमध्ये घातला की गेन शून्यावर आणला तरी फाटतो. बऱ्याच यंत्रांत तीन टाचण्यांचे एक्सएलआर कनेक्शन माइकसाठी आणि त्याच भोकातला पाव इंची जॅक लाइनसाठी असतो. काहींत मेन्यूमध्ये लाइन निवडावी लागते. दोन्ही सोयी नसतील तर मध्ये अ‍ॅटेन्युएटर, म्हणजे संकेत कमी करणारा जोड, लावावा. मिक्सरला जोडण्यापूर्वी फँटम पुरवठा न चुकता बंद करावा. घूं घूं असा ५० हर्ट्झचा गुंजारव आला तर रेकॉर्डरचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा, बहुतेक वेळा तो तिथेच थांबतो. नाही थांबला तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो.

लाइनची लेव्हलही खालीच, चाचणीत उणे २०वर ठेवावी. साउंडवाला कार्यक्रमाच्या मध्ये फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर करतोच, त्याचे ते कामच आहे. आणखी असे की मिक्सरमध्ये जेवढे माइक तेवढाच आवाज. छोट्या मंडपात घुमट आपल्या जोरावर सगळ्यांना ऐकू येते म्हणून त्याला माइक लावलेलाच नसतो. मग लाइनच्या रेकॉर्डिंगमध्ये मुख्य गायक कानाशी आणि घुमट कुठेतरी शेजारच्या वाड्यावर. चार ट्रॅकचा रेकॉर्डर असेल तर दोन ट्रॅक मिक्सरला आणि दोन ट्रॅक यंत्राच्या स्वतःच्या माइकांना द्यावेत आणि घरी दोन्ही मिसळावेत. दोनच ट्रॅक असतील तर आम्ही मिक्सर सोडून समोर स्टँड लावणे पसंत करतो.

धालो, फुगडी, ओव्या यांचे तंत्र वेगळे. मांडावर, म्हणजे धालोच्या ठरलेल्या जागेवर, बायकांच्या दोन रांगा समोरासमोर असतात, एक म्हणते आणि दुसरी उचलते, पुढे-मागे सरकत. माइक दोन्ही रांगांच्या मधल्या रेषेवर, एका टोकाला, छातीच्या उंचीवर असावा. लेव्हल जवळ येणाऱ्या रांगेवर ठरवावी. लांबच्या रांगेवर ठरवली तर जवळची रांग फाटते. स्टँडच्या पायांखाली जाड स्पंज घालावा, नाहीतर जमिनीतून पावलांचा धप्प आवाज येतो. फुगडीत तर तो हमखास येतो. रात्रीच्या वाऱ्यासाठी केसाळ विंडशील्डच हवे. सोबत येणारी फोमची टोपी फुंकर अडवते, वारा नाही. वाऱ्याचा धक्का इतका मोठा असतो की कानाला फारसा न जाणवताही तो मीटर भरून टाकतो. ८० हर्ट्झचा लो कट (त्याखालचे खर्ज आवाज गाळणारी सोय) निवेदन, मुलाखत, ओव्या यांना चालतो, पण घुमटाला आणि ढोलाला लावू नये, त्यांचा खालचा भरीवपणा पातळ होतो.

लिमिटरबद्दल, म्हणजे आवाज ठरलेल्या हद्दीपलीकडे जाऊ लागला की तो दाबणाऱ्या सोयीबद्दल, नेहमी विचारले जाते. आकड्यांत बदलण्याआधी काम करणारा लिमिटर खरोखर वाचवतो. नंतर काम करणारा लिमिटर आधीच कापलेला माथा फक्त खाली आणून ठेवतो. आपला कोणता, हे माहितीपुस्तिकेत पाहावे, आणि तो कितीही चांगला असला तरी त्याच्या भरवशावर गेन चढवू नये. त्यापेक्षा दुहेरी रेकॉर्डिंग भरवशाचे. झूम एच५ आणि एच६ मध्ये तीच नोंद १२ डेसिबल खाली दुसऱ्या फाइलमध्ये ठेवण्याची सोय आहे. ३२ बिट फ्लोटची, म्हणजे शून्याच्या वरचे आकडेही लिहू शकणारी, यंत्रेही आता मिळतात आणि झूम एफ३ला तर गेनचे बटणच नाही. आकड्यांच्या हद्दीचा प्रश्न त्यात खरोखरच सुटतो. पण माइकची सोसण्याची हद्द, वारा, अंतर आणि माइक की लाइन ही निवड, यातले काहीही त्याने सुटत नाही.

कार्डाचा हिशोब सोपा आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओ घेतले की तासाला साधारण एक जीबी. ३२ जीबीच्या कार्डावर अख्खी चवथ मावते.

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना आमची कळकळीची विनंती आहे. दोन पथकांच्या मध्ये रेकॉर्डिंगवाल्याला दोन मिनिटे द्या आणि त्या दोन मिनिटांत पुढच्या पथकाला चढीचे एक कडवे वाजवायला सांगा. मिक्सरवरचा कोणता आउटपुट मोकळा आहे ते साउंडवाल्याकडून आदल्या दिवशी विचारून ठेवा. पथकांना त्यांचे रेकॉर्डिंग देताना मूळ वेव्ह फाइल द्या, व्हॉट्सअ‍ॅपवरची आवृत्ती नव्हे. आणि आरती संपल्यावर लगेच ध्वनिवर्धकावरून सूचना सुरू न करता तीस सेकंद थांबा. त्या रिकाम्या मंडपाच्या आवाजाचा नमुना हाती असला, की पंख्याची आणि जनरेटरची घरघर नंतर पुष्कळ कमी करता येते.

कळावे.

आपले नम्र,
ध्वनिमुद्रणाचे काम करणारे काही जण
फोंडा, गोवा